सरकारी खात्यांनी आपली माहिती एकमेकांना द्यायची तर गोव्याला वेगळा कायदा हवा का?

आबोली
रहिवासी दाखला मामलेदाराकडून घ्यायचा, उत्पन्नाचा दाखला तिथूनच, जन्मदाखला नोंदणी कार्यालयातून, जमिनीचा एक-चौदाचा उतारा भूमापन खात्यातून. मग या सगळ्यांच्या प्रती काढून सरकारच्याच तिसऱ्या खिडकीवर द्यायच्या. सरकारने सरकारला दिलेल्या कागदांची ने-आण करणारा पोस्टमन म्हणजे आपण.

खात्यांनी एकमेकांच्या नोंदी थेट पाहाव्यात, असं आता सगळेच म्हणतात. हरियाणाने २०२१ मध्ये परिवार पहचान कायदा केला, राजस्थानने त्याआधी २०२० मध्ये जन आधार प्राधिकरणाचा. कर्नाटकात जमिनीचं खरेदीखत नोंदलं की दस्तनोंदणीच्या 'कावेरी' प्रणालीतून जमीननोंदींच्या 'भूमी'कडे फेरफाराची सूचना आपोआप जाते.

गोव्यात हे करायचं तर विधानसभेत स्वतंत्र विधेयक लागेल, की सचिवालयाच्या एका आदेशावर भागेल? आणि कायदा केलाच तर त्यात काय असलंच पाहिजे? जाणकारांनी लिहावं.

फाल्यां_यो
खात्यांमधली आपली सर्वांत जुनी आणि कधीही बंद न पडणारी एपीआय (संगणकांनी एकमेकांशी बोलायची सोय) माझ्या सदस्यनामात आहे: 'उद्या ये'.

रायबंदर
आदेशावर भागणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यावर बंधन घालायचं तर पहिली अट कायदा असण्याची, दुसरी वैध हेतूची, तिसरी हेतूच्या मानाने उपाय प्रमाणात असण्याची. शासकीय आदेश पहिल्याच पायरीवर घसरतो, कारण परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे.

आरोग्य खात्याकडे आजारपणासाठी दिलेली माहिती समाजकल्याणाच्या टेबलावर गेली तर हेतू बदलला. तो बदल कोणत्या कलमाखाली झाला, असं उच्च न्यायालयाने विचारल्यावर अवर सचिवाच्या सहीचा कागद दाखवून चालत नाही.

कुळागर
रायबंदर बाब, अर्धंच सहमत. कायदा लागतो हे बरोबर, पण तो संसदेने केलेला आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण (डीपीडीपी) कायदा २०२३, कलम ७(बी). अनुदान, लाभ, सेवा, दाखला, परवाना देण्यासाठी सरकार नव्याने संमती न घेता माहिती वापरू शकतं. दोन वाटा आहेत: त्या माणसाने पूर्वी अशाच कामासाठी सरकारला संमती दिलेली असावी, किंवा ती माहिती सरकारच्या एखाद्या नोंदवहीत असावी.

नोव्हेंबर २०२५ मध्ये नियमही आले. सरकारने अशी माहिती वापरताना पाळायची मानकं त्यांच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत: गरजेपुरतीच माहिती, अचूकतेसाठी वाजवी प्रयत्न, काम संपेपर्यंतच साठवण, हक्क बजावायला संपर्काची सोय. राज्याने हेच पुन्हा लिहून काय साधणार? उलट दोन कायद्यांत विसंगती निघाली तर कलम ३८ प्रमाणे केंद्राचाच चालेल.

रायबंदर
७(बी) नीट वाचू या. दुसऱ्या वाटेवर 'केंद्र सरकारने अधिसूचित केलेली नोंदवही' अशी अट आहे. पंचायतीची घरपट्टीची वही किंवा वीजखात्याची ग्राहकयादी त्या यादीत नसेल तर ही वाट बंद.

दुसरं असं की कलम लाभ 'देण्यासाठी' आहे. चालू लाभ थांबवायला किंवा वसुलीला ते पुरतं का, यावर वकील भांडतील. आणि तिसरं, मुख्य कर्तव्यांची कलमं नियम आल्यापासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. तोवरच्या देवाणघेवाणीला आधार कशाचा?

आधार जोडून ओळख पटवायची तर आणखी एक मेख आहे. आधार कायद्याच्या कलम ४(४) मध्ये 'संसदेने केलेला कायदा' असे शब्द आहेत. पर्वरीच्या विधानसभेत ४० आमदारांनी एकमताने कायदा केला तरी त्या कलमाखाली प्रमाणीकरणाची परवानगी मिळत नाही. कलम ७ आहे, पण ते संचित निधीतून (सरकारी तिजोरीतून) दिल्या जाणाऱ्या लाभांपुरतं (राज्याचा संचित निधी २०१९ च्या दुरुस्तीने आला). नाही तर २०२० च्या आधार-सुशासन नियमांखाली केंद्राकडे प्रस्ताव पाठवायचा.

पेडण्याचो_दशावतार
थोडक्यात, वेद चोरणाऱ्या संकासुराची एंट्री झालेली आहे, ब्रह्मदेव अजून मेकअप करतोय.

खाजन
कायदेपंडितांनी ज्याला हात लावला नाही ते सांगतो. परवानगी मिळाली तरी नोंदी जुळत नाहीत.

आधार प्रमाणीकरण करणाऱ्या संस्था दोन प्रकारच्या आहेत, 'ग्लोबल' आणि 'लोकल'. लोकल संस्थेला आधार क्रमांक साठवता येत नाही, तिला ७२ अक्षरांचं टोकन मिळतं. एकाच माणसाचं टोकन प्रत्येक संस्थेसाठी वेगळं असतं, आणि ते मुद्दाम तसं ठेवलंय, म्हणजे दोन याद्या परस्पर जोडता येऊ नयेत. म्हणून दोन खाती लोकल वर्गात असतील तर टोकनावर जोडणी शून्य. मग उरतं नाव, जन्मतारीख आणि पत्ता. यातलं नाव हेच गोव्यातलं खरं दुखणं.

पोर्तुगीज काळातल्या नोंदीत कामत हे 'कामोतीम', शेणवी 'सिनाय', प्रभू 'पोरोबो', पै 'पोय'. नाईक आडनावाचा शेवट रोमी लिपीत क्यू-यू-ई असा. नातवाच्या आधारवर तेच नाईक साधं 'के'ने संपतं. देवनागरीत दोन्ही सारखे, पण संगणकातला रकाना रोमी. शिवाय हिंदू घरांत लग्नानंतर बायकांचं पहिलं नावही बदलायची चाल. जन्मदाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरं, आणि 'उर्फ'साठी कुठल्याच अर्जात रकाना नाही. गावांची तीच गत: साखळी, केपे, डिचोली यांची पोर्तुगीज वळणाची रोमी रूपं उच्चाराच्या जवळपासही नाहीत.

उपाय आहेत, फक्त कंटाळवाणे. गावासाठी नाव न वापरता केंद्राच्या स्थानिक स्वराज्य संस्था निर्देशिकेतला एलजीडी कोड वापरायचा. नावासाठी एक पर्यायनावांचा तक्ता ठेवायचा, आणि तो गोव्यातच तयार करावा लागेल, कारण दिल्लीच्या सॉफ्टवेअरला पोरोबो म्हणजे प्रभू हे कळणं शक्य नाही. जन्मतारीख १ जानेवारी असेल तर ती अंदाजे मानून तिला जुळणीत कमी गुण द्यायचे. १९९० च्या नाव-आडनाव बदल कायद्याखाली झालेले बदल त्या तक्त्यात आपोआप यायला हवेत.

शब्दकोडं
अवांतर: 'डेटा'ला 'विदा' म्हणावं अशी नम्र सूचना.

फाल्यां_यो
आंतरखाते विदा म्हणजे एका खात्याने दुसऱ्याला दिलेला निरोप का?

शब्दकोडं
विद् म्हणजे जाणणे. विदाईशी काही संबंध नाही.

आबोली
धाग्यावर या. खाजन, जुळणी शंभर टक्के कधीच होणार नाही असं धरलं तर चुकीचं प्रमाण किती चालेल?

दिवाडीची_फेरी
प्रमाणाच्या आधी वाहतूक बघा. कागदावर 'सुरक्षित इंटरफेस' असतो आणि प्रत्यक्षात एक्सेलची फाईल ईमेलने जाते. तिथे काय बिघडतं:

१२ आकडी क्रमांक साध्या रकान्यात टाकला की एक्सेल तो 'ई प्लस ११' असा दाखवतं. तीच फाईल सीएसव्ही (साध्या मजकुराची फाईल) करून जपली की शेवटचे आकडे कायमचे गेले. एक्सेल १५ च आकडे धरून ठेवतं, त्यामुळे आधारऐवजी द्यायचा १६ आकडी व्हर्च्युअल आयडी किंवा लांब खाते क्रमांक असेल तर शेवटचा आकडा शून्य होतो. बँक खात्याच्या सुरुवातीची शून्यं उडतात. ०५/०८ ही तारीख एका संगणकावर ५ ऑगस्ट, दुसऱ्यावर ८ मे.

तपासणी फार सोपी असते. आधारचा शेवटचा आकडा व्हरहॉफ पद्धतीचा पडताळा आकडा आहे. फाईल आल्या आल्या तो लावला तर टंकलेखनाची बहुतेक चूक तिथेच पकडली जाते. रकाने 'टेक्स्ट' ठेवायचे, तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहायची, आणि फाईलबरोबर ओळींची संख्या वेगळी कळवायची. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट कॅनरात आणि कॉर्पोरेशन युनियनमध्ये गेली, त्यानंतर आयएफएससी (बँक शाखांचे कोड) बदलले. जुन्या याद्यांत जुनेच कोड आहेत. ही जुळणी नापास झाली म्हणजे लाभार्थी खोटा ठरला असं होत नाही.

आणि मुळात फाईल द्यायचीच कशाला? 'या महिलेचा रहिवासी दाखला वैध आहे का?' एवढंच विचारावं, उत्तर 'होय' किंवा 'नाही'. अख्खी यादी दुसरीकडे गेली की दोन प्रती झाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या वेगळ्या वाटांनी जुन्या होऊ लागतात. एस्टोनियात २००१ पासून असंच चालतं: माहिती मूळ खात्यातच, विचारणा तारेवरून, आणि कोणी कधी विचारलं ते नागरिकाला दिसतं.

खाजन
+१. आपल्याकडच्या मानशीसारखं. बांधाला दार आहे, ते कधी उघडायचं आणि कोणी उघडायचं हे ठरलेलं आहे. बांधच फोडून टाकला तर भातशेती खारी.

घुमट
आबोलीताईंच्या 'प्रमाण किती चालेल' या प्रश्नावर हिशेब करून बघा. आकडे मानीव आहेत.

एका योजनेत १ लाख लाभार्थी. खरोखर अपात्र १,०००. जुळणीचं यंत्र अपात्रांपैकी ९५ टक्के पकडतं आणि पात्रांपैकी फक्त २ टक्क्यांवर चुकून बोट ठेवतं. ऐकायला उत्तम यंत्र. पकडलेले अपात्र ९५०. चुकून धरलेले पात्र ९९,००० चे २ टक्के, म्हणजे १,९८०. यादीत एकूण २,९३० नावं, त्यांतली दोन तृतीयांश निर्दोष. या यादीवरून सरळ लाभ बंद केला तर दर तीन पत्रांतली दोन चुकीच्या दारात जातील.

तेलंगणात सरकारच्या 'समग्र वेदिका' या प्रणालीने अनेक खात्यांच्या याद्या जोडल्या आणि रेशनकार्डं रद्द झाली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सुमारे १९ लाख रद्द कार्डांची प्रत्यक्ष पडताळणी करायला सांगितली. म्हणजे आधी करायचं काम नंतर, तेही न्यायालयाच्या धाकाने. हरियाणात त्याच वर्षी कागदोपत्री मृत ठरलेल्या १०२ वर्षांच्या आजोबांनी रोहतकमध्ये जिवंत असल्याची वरात काढली. आबोलीताई, तुमच्या यादीतल्या हरियाणाकडे कायदा होता बरं. कायदा असण्याने वरात टळली नाही.

कुळागर
हा मुद्दा मात्र पटला. वेगळ्या कायद्याला माझा विरोध 'परवानगी'पुरता होता. चुकीची जबाबदारी कोणाची, यावर डीपीडीपी कायदा सरकारच्या बाबतीत मऊच आहे. कलम १७(४) प्रमाणे माहिती खोडून टाकण्याचा हक्क सरकारविरुद्ध चालत नाही. दुरुस्तीचा हक्कही, त्या माहितीवरून तुमच्याबाबत निर्णय होत असेल तरच टिकतो. राज्याला भर घालायची तर इथे जागा आहे.

सांगे_लोकल
गाडी आहे म्हणून रेशनकार्ड वरच्या गटात टाकायचं, असा नियम जिथे जिथे लावला तिथे एक ठरलेली चूक होते. गाडी विकली पण नाव बदललं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यात १४ दिवसांत आणि परराज्यात ४५ दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. दोघेही मालकीबदलाच्या फॉर्म २९-३० वर सह्या करून थांबतात, आणि 'वाहन' या सरकारी नोंदप्रणालीत गाडी जुन्याच मालकाची राहते. गोव्यात भर म्हणून रेंट-अ-बाईकवाले. नावावर चार स्कूटर म्हणजे श्रीमंती नव्हे, तो धंदा आहे. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली वाहनं वेगळी मोजली पाहिजेत.

आल्तिनो
उत्पन्नाच्या जुळणीत गोव्याची एक खास गाठ आहे, बाहेरच्या सल्लागाराच्या लक्षात येणं कठीण. आपल्याकडे नागरी कायद्याने पती-पत्नीची मालमत्ता सामाईक. म्हणून प्राप्तिकर कायदा १९६१ मध्ये कलम ५-अ होतं (१ एप्रिल २०२६ पासून त्या कायद्याच्या जागी २०२५ चा कायदा आला, तरतूद तीच): पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं निम्मं दाखवायचं.

समजा घरभाडं वर्षाला २,४०,००० आणि करारनामा नवऱ्याच्या नावावर. रिटर्न भरलं असेल तर ३० टक्के वजावट जाऊन १,६८,००० उरतात, म्हणजे प्रत्येकाकडे ८४,०००. आता यंत्राने नवऱ्यासाठी नोंदणी कार्यालयातला करारनामा उचलला आणि बायकोसाठी रिटर्न, तर बेरीज ३,२४,०००. गृहिणींना दरमहा मदत देणाऱ्या गृह आधार योजनेची मर्यादा पती-पत्नी मिळून ३ लाख. महिन्याचे १५०० रुपये गेले, आणि खरं उत्पन्न २,४०,००० च. एकच भाडं १.३५ पट मोजलं गेलं, कारण दोन उगम एकत्र मिसळले. नियम असा हवा की एका जोडप्यासाठी एका प्रकारच्या उत्पन्नाचा एकच उगम घ्यायचा.

शिवाय हंगाम. शॅकवर सात महिने २६,००० पगार, म्हणजे वर्षाला १,८२,०००. नोव्हेंबरचा पगार उचलून बाराने गुणला की ३,१२,०००. ट्रॉलरवाल्या खलाशांचंही तेच, १ जून ते ३१ जुलै बंदी असते. ऑस्ट्रेलियात 'रोबोडेट'मध्ये याचीच उलटी चूक झाली होती: वर्षाचं उत्पन्न पंधरवड्यांत सारखं वाटून लोकांना खोट्या वसुलीच्या नोटिसा गेल्या, आणि २०२३ मध्ये रॉयल कमिशनने त्यावर कोरडे ओढले.

घुमट
हे ५-अ भारीच. यासाठीच धागे वाचतो.

कोमुनिदाद
जमिनीचंही लिहितो. एक-चौदाच्या उताऱ्यात कब्जेदार म्हणून आजोबांचं नाव असतं, आजोबा जाऊन तीस वर्षं झालेली. मृत्यूची नोंद आणि जमिनीची नोंद जोडली की कोणाला तरी वाटेल, नाव आपोआप उडवू. तसं करता येत नाही. वारस ठरतात २०१२ च्या उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायद्याप्रमाणे, आणि हक्कनोंदीतली नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानली जाते. जोडणीतून फक्त 'धारक मयत, फेरफार बाकी' असा शेरा पडावा आणि वारसांना पत्र जावं. तेवढ्याने खोट्या वारसांची वाट बरीच अडेल, कारण मेलेल्याच्या नावाने विक्रीखत करायला आलेला माणूस सब-रजिस्ट्रारच्या पडद्यावरच अडकेल.

उलट दिशेची चूक म्हणजे उताऱ्यात नाव आहे म्हणून 'जमीनमालक, सबब अपात्र'. एका सर्व्हे नंबरवर तीस-चाळीस नावं, हिस्सा लिहिलेला नाही, आणि इतर हक्कात मुंडकार (मालकाच्या जमिनीत घर करून राहणारा) बसलेला. अशा नावाला मालकी म्हणून किती वजन द्यायचं हे कायद्यात नाही, पण नियमांत तरी लिहावं लागेल.

मांडवी_काठ
आणि लिस्बनचं काय? जन्मनोंदी जोडल्या की पोर्तुगीज नागरिकत्वासाठी तिकडे नोंद केलेले सगळे सापडतील, अशी कुजबुज आहे.

रायबंदर
नाही. ती नोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात असते, इथल्या वहीत नव्हे. आपली विधानसभा तिथे पोचत नाही. जन्म-मृत्यू नोंदणीच्या २०२३ च्या दुरुस्तीने (१ ऑक्टोबर २०२३ पासून लागू) राष्ट्रीय पातळीवर जन्म-मृत्यूंचा साठा ठेवायचा आहे आणि तो मतदारयादी, पासपोर्ट, रेशनकार्ड वगैरे अधिकाऱ्यांना मंजुरीनंतर देता येतो. तो रस्ता केंद्राने आधीच बांधलाय. जनगणनेची माहिती मात्र यात कुणीच ओढू शकत नाही. १९४८ च्या कायद्याचं कलम १५ तिला पुराव्यातही येऊ देत नाही.

खबरी
या सगळ्यात माहिती अधिकार बुडणार. कलम ८(१)(जे) आता वैयक्तिक माहितीला सरसकट सूट देतं. लाभार्थींची यादी मागितली की 'वैयक्तिक आहे' म्हणतील.

कुळागर
८(२) शिल्लक आहे, जनहित मोठं असेल तर माहिती द्यावी लागते. आणि कलम ४ खाली अनुदानाच्या लाभार्थींचा तपशील खात्याने आपणहून जाहीर करायचा असतो. पण आधार क्रमांक आणि बँक खात्यासकट पीडीएफ टाकणं म्हणजे पारदर्शकता नव्हे. आधार क्रमांक प्रसिद्ध करायला आधार कायद्यातच बंदी आहे.

फाल्यां_यो
म्हणजे खात्यांनी एकमेकांना सांगायचं नाही, आपल्याला सांगायचं नाही, आणि पीडीएफमध्ये सगळ्या जगाला.

आबोली
सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्न 'कायदा की आदेश' असा होता, आता तो सरकलाय. माहिती कशी वाहावी यापेक्षा ती न जुळल्यावर काय व्हावं, यासाठी कायदा हवा, असं माझं मत झालं. कच्चा मसुदा टाकते, झोडपा:

(१) जुळणीतला फरक हा पुरावा नव्हे. केवळ त्यावरून लाभ थांबवता, कमी करता किंवा वसूल करता येणार नाही.
(२) प्रत्येक प्रकारच्या माहितीला एकच धनी खातं असेल, परिशिष्टात नावासह. बाकीच्यांनी विचारायचं, साठवायचं नाही.
(३) फरक आढळल्यास ३० दिवसांची नोटीस. तिच्यात कोणत्या खात्याची कोणती नोंद जुळली नाही ते मराठी, कोंकणी किंवा इंग्रजीत, अर्जदार मागेल त्या भाषेत.
(४) प्रत्यक्ष घरी जाऊन पडताळणी झाल्याशिवाय आदेश नाही.
(५) दुरुस्ती एकदा धनी खात्यात झाली की इतरांना कळवणं त्या खात्याचं काम, नागरिकाचं नव्हे.

रायबंदर
(२) च्या परिशिष्टात रकान्यांची नावं घाला. 'आवश्यक ती माहिती' असा शब्दप्रयोग दिसला की तो खोडा. आणि कोणी विचारलं याची नोंद किमान एक वर्ष ठेवायची तरतूद केंद्राच्या नियमांत आहेच, ती नागरिकाला पाहता येईल एवढं जोडा.

कुळागर
नव्या कायद्याऐवजी २०१३ च्या कालबद्ध सेवा कायद्यातच हे घालता येईल. नेमलेला अधिकारी, मुदत आणि अपील हा सांगाडा तिथे तयार आहे. 'सरकारकडे असलेला दाखला अर्जदाराकडे मागणार नाही' असं एक कलम तिथे टाकलं की आबोलीताईंचा पोस्टमन सुटला.

कोमुनिदाद
(५) मध्ये मुदत नाही. मुदत नसलेलं कलम म्हणजे सदस्यनाम फाल्यां_यो.

फाल्यां_यो
मी इथे काही बोललोच नाही.

दिवाडीची_फेरी
(३) बद्दल एक. ३० दिवस कधीपासून मोजायचे? एसएमएस गेल्यापासून मोजले तर बुडलं, कारण योजनेच्या अर्जावरचा मोबाईल बहुतेकदा मुलाचा नाही तर अर्ज भरून देणाऱ्याचा असतो. नोटीस पंचायतीमार्फत घरी द्या, पोचपावतीवर सही किंवा अंगठा घ्या, आणि दिवस त्या तारखेपासून. सही मिळेपर्यंत पैसे चालू.

आबोली
घातलं. (३) मध्ये 'पोच मिळाल्यापासून', (५) मध्ये १५ दिवस. पंधरा जमतील का, दिवाडी?

दिवाडीची_फेरी
होय-नाही विचारणा असेल तर पंधरा मिनिटं. एक्सेल असेल तर पंधरासुद्धा कमी.